अक्कांचं पथ्य

अक्का समोरच्या बाईचा चेहरा बघायच्या आधी तिचे हात बघत. बाई पार्लरच्या खुर्चीत बसली, मान मागं टेकली, डोळे मिटले, की अक्का स्टूल ओढून म्हणत, "हात दाखव." मग दहाही नखं उलटसुलट बघून नेलकटर काढत. भुवया करायला, म्हणजे सुईनं कातडीत रंग भरून कोरून घ्यायला आलेल्या बाईची आधी नखं जात, तीही मुळापर्यंत. एकदा एका सरकारी कार्यालयातल्या मोठ्या मॅडम लाल नेलपॉलिश लावलेली लांबसडक नखं घेऊन आल्या. त्यांनी विचारलं, "भुवयांचा आणि नखांचा काय संबंध?" अक्का म्हणाल्या, "भुवया मी करते, मॅडम. बिघडवतात ही." मॅडमची नखं गेली. शनिवारी मात्र अक्का भुवयांचं मोठं काम घेत नसत. शनिवारी नखं कापायला गिऱ्हाईक तयार नसे आणि नखं ठेवून भुवया करायला अक्का तयार नसत. दोन्ही बाजू ठाम असल्यामुळं शनिवारी फक्त केस कापले जात.

मला हे ठाऊक असायचं कारण असं, की माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान त्यांच्या पार्लरला लागून होतं आणि मधे भिंत म्हणून जे उभं होतं ते प्लायवूड होतं. बायकांच्या पार्लरात मी कधी पाऊल टाकलं नाही, पण वीस वर्षं त्यातला शब्द न् शब्द ऐकला. अक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरातल्या. घरी तेलुगू, दुकानात मराठी आणि अक्कलकोट-मैंदर्गीकडनं कुणी आलं की कानडी. मी त्यांना अक्का म्हणायचो, त्या मला अण्णा. म्हणजे आम्ही दोघांनीही समोरच्याला थोरलं ठरवून टाकलं होतं. खरी वयं कुणी काढली नाहीत.

अक्कांचं म्हणणं असं, की पार्लरात होतं ते काम नव्हेच. काम घरी गेल्यावर सुरू होतं. "हितलं दीड तासाचं," त्या सांगत, "मागचं दहा दिवसांचं. मागचं जमणार असंल तर बस, न्हायतर साधं थ्रेडिंग करून जा." या मागच्याला त्यांचा शब्द होता पथ्य. डॉक्टर देतात ते पथ्य बायका पाळत नाहीत, हे त्यांना माहीत होतं, कारण त्याही पाळत नसत. साखर असून लग्नातली जिलबी त्यांनी कधी सोडली नाही. पण भुवयांचं, पापण्यांचं आणि चेहऱ्याचं पथ्य मोडलं की त्या बाईला पुन्हा खुर्चीत बसू देत नसत.

या पथ्याचा कागद मी टाइप करत असे. पहिल्यांदा केला तेव्हा त्यात नऊ नियम होते. शेवटी बेचाळीस झाले आणि अक्षर इतकं बारीक करावं लागलं की पन्नाशीच्या बायका तो हात लांब करून वाचत. अक्कांना कारणं द्यायची सवय नव्हती. सगळे नियम 'नये'मध्ये संपत. प्रत्येक नियमामागं एक बाई होती. तिचं नाव अक्का सांगत नसत, आणि प्लायवूड असल्यामुळं सांगायची गरजही नव्हती.

उदाहरणार्थ चौदावा: "हळद लागायच्या आधी पापण्या लावून घेऊ नयेत." वळसंगच्या एका मुलीनं लग्नाच्या दोन दिवस आधी खोट्या पापण्या चिकटवून घेतल्या, एकेक केस सुटा लावतात त्या. अक्कांनी सांगितलं होतं, तेल लागू देऊ नको. मुलीनं मान डोलावली. हळदीत तेल असतं हे दोघींच्याही लक्षात आलं नाही, कारण हळद ही हळद असते, तिला कुणी तेल म्हणत नाही. पाच सवाष्णींनी हौसेनं तोंडभर हळद चोळली. थोड्या वेळानं उजव्या डोळ्याच्या पापण्या सुटून गालावर आल्या आणि मुलीच्या मावशीनं सुरवंट समजून नवरीच्या गालावर फटका मारला. लग्नाचे सगळे फोटो डाव्या बाजूनं आहेत. तिसऱ्या दिवशी अक्का माझ्या काउंटरवर कागद ठेवून म्हणाल्या, "अण्णा, एक वाढवा."

एकोणिसावा होता: "चेहऱ्याची साल काढल्यावर आठ दिवस शेंगाची चटणी कुटू नये." साल काढणं म्हणजे औषध लावून वरची कातडी सोलणं; बाकी त्याबद्दल मी काही सांगत नाही. ज्यांनी उखळात लाल तिखट उडताना बघितलंय त्यांना कळेल. बाविसावा हुरड्याच्या आगटीजवळ बसण्याबद्दल होता, आणि त्याच्या पुढचा आईनं प्रेमानं खपलीवर लावलेल्या गाईच्या तुपाबद्दल. मी एकदा म्हणालो, "अक्का, हे कायद्याचं पुस्तक व्हायला लागलंय. कोण वाचणार?" त्या म्हणाल्या, "वाचत न्हाईत म्हणूनच वाढतंय की."

फक्त एक नियम मला पटत नसे, आणि तोच पहिला होता. "सगळं सांगून झाल्याशिवाय पार्लरवालीनं गिऱ्हाइकाला सोडू नये." हा नियम गिऱ्हाइकासाठी नाही, मग गिऱ्हाइकाच्या कागदावर कशाला, असं माझं म्हणणं. मी धंद्यानं टापटिपीचा माणूस आहे. दोनदा मी तो गुपचूप काढून कागद दिला. दोन्ही वेळा अक्कांनी गठ्ठा परत आणला आणि काउंटरवर ठेवला. मी पुन्हा छापून दिला.

कागद देऊन त्या थांबत नसत. सकाळी सात वाजता फोन करत. "उठलीस? पालथी झोपली न्हाईस न्हवं? हात लावलीस की काय?" बाई उचलत नसेल तर नवऱ्याला फोन. नवऱ्याला विचारत, "रात्री कुठल्या कुशीवर होत्या त्या?" सोलापुरातल्या बऱ्याच नवऱ्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच आपली बायको कशी झोपते याकडं लक्ष द्यावं लागलं. काही जण चिडत. एक जण तर पार्लरात येऊन म्हणाला, आमच्या घरात एवढी चौकशी माझी आईपण करत नाही. अक्का म्हणाल्या, "आईनं भुवया कोरल्या न्हाईत तुमच्या बायकोच्या. मी कोरल्यात."

वीस वर्षं मी हे सगळं भिंतीपलीकडची करमणूक म्हणून ऐकलं. घरी गेलो की शोभाला सांगायचो. शोभा, माझी बायको, महापालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवते. ती पोट धरून हसायची.

मग शोभाला छातीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाल्या, नोव्हेंबरात संपल्या. डोक्यावरचे केस हळूहळू आले. भुवया आल्या नाहीत. जानेवारीत ती पेन्सिलीनं भुवया काढून शाळेत गेली. सोलापुरात पेन्सिलीची भुवई जानेवारीतसुद्धा जेमतेम दहापर्यंत टिकते आणि शाळा साडेबाराला सुटते. पहिलीच्या पोरांना बाई आजारी होत्या हे माहीत असलं तरी विचारायचं नसतं हे माहीत नसतं. एकानं विचारलं, "बाई, तुमच्या भुवया कुठं गेल्या?" मग सगळ्या वर्गानं उठून जवळ येऊन बघितलं. शोभा घरी आली आणि तिनं रजा वाढवली. पुढं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून दिला आणि म्हणाली, टाइप करून द्या. तीस वर्षं शिकवलेली बाई. मी अर्ज खणात ठेवला आणि दुकानातनं फोनवर सांगितलं, अर्ज राहिला, प्रिंटर बिघडलाय.

त्या आठवड्यात मी अक्कांना काउंटरवर गाठलं. "अक्का, आमच्या हिच्या भुवया होतील का?"

"केमो कधी संपली?"

"नोव्हेंबरात."

"मग आता न्हाय. मे महिन्यात. आणि डॉक्टरची चिठ्ठी आणायची, डॉक्टरच्या हातची. तुमच्या प्रिंटरची नको."

"मे महिन्यात? सोलापुरात? घामाचं काय?"

"जूनमध्ये शाळा उघडती की न्हाय? मग मे."

मी अक्कांना अर्जाबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. प्लायवूडला दोन्ही बाजू असतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती, जी शोभाला माहीत नव्हती. त्या वर्षी अक्कांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाचा कप बशीत वाजायचा. मोठी कामं त्यांनी बंद केली होती आणि जूनच्या सुरुवातीला मुलीच्या बाळंतपणासाठी हैदराबादला जायचं ठरलं होतं. परत येऊन पार्लर उघडायचं का, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. मी भीत भीत विचारलं, "अक्का, हात..." त्या म्हणाल्या, "चहा पिताना थरथरतो. काम करताना न्हाय." शोभाला मी काही सांगितलं नाही. चूक केली की बरोबर, हे मला आजही ठरवता येत नाही.

मे महिन्यातल्या एका सोमवारी अक्कांनी शोभाची नखं कापली आणि पार्लर आतून बंद करून घेतलं. मी दुकानात बसून होतो. दीड तास पलीकडनं एकही शब्द आला नाही. मग एकदम अक्कांचा आवाज आला, पहिल्या नियमापासून. बेचाळीसच्या बेचाळीस नियम त्यांनी शोभाला वाचून दाखवले. तिला ते माझ्या तोंडून ऐकून पाठ होते, तरीही.

दुसऱ्या दिवसापासून मी दुकानाला कुलूप लावून घरी बसलो. भुवयांना पाणी नाही, घाम नाही, ऊन नाही, वाफ नाही. कूलर लावायचा नाही, कारण त्याचं पाणी उडतं. मी शोभाचे पाय गार पाण्याच्या बादलीत ठेवले, दोन बाजूंना दोन टेबलफॅन लावले आणि लाइट गेली की लग्नपत्रिकेच्या जाड नमुन्यानं वारा घातला. झोपताना ती कुशीवर वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना चादरींच्या गुंडाळ्या लावल्या. स्वयंपाकघरात तिला बंदी. भाकरी मला येत नाही, त्यामुळं दहा दिवस आम्ही भात खाल्ला. सात वाजता फोन यायचा. "वहिनी कशा झोपल्या?" आणि मी, वीस वर्षं ज्या नवऱ्यांना हसलो त्यांच्यासारखाच, सांगायचो, "उताण्या."

सहाव्या दिवशी खाज सुटली. खपली धरली की खाज सुटते आणि खपली नखानं काढली की रंग तिच्याबरोबर निघून जातो, हे मी स्वतः टाइप केलेलं होतं. शोभा आजारपणात कधी कुरकुरली नाही. सुया, उलट्या, सगळं तिनं गप्प सोसलं. पण त्या दिवशी दुपारी ती रडकुंडीला आली. "एकदाच हात लावते हो, हळूच." मी अक्कांना फोन केला. त्या रिक्षा करून आल्या, शोभासमोर बसल्या आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरले. धरले ते धरलेच. भर उन्हाची दुपार, लाइट गेलेली, आणि दोघी एकमेकींचे हात धरून बसलेल्या. मी वारा घालत होतो. अक्कांचा उजवा हात थरथरत होता. शोभानं तो बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मी पत्रिकेवरचा गणपती बघत राहिलो.

"कधीपासनं?" शोभानं विचारलं.

"दिवाळीपासनं," अक्का म्हणाल्या. "तुमच्या भुवयांना न्हाय थरथरला. शपथ घेऊ?"

"नको."

मग अक्का आपणहून बोलायला लागल्या. बहुतेक खाजेवरनं शोभाचं लक्ष काढायला. पार्लर नवीन होतं तेव्हाची गोष्ट. त्यांच्या चुलतबहिणीचं लग्न जमत होतं, म्हणून अक्कांनी तिच्या चेहऱ्याची साल काढली. पार्लरात गर्दी होती. उन्हात जाऊ नकोस एवढं सांगायचं राहून गेलं. मुलगी दुसऱ्या दिवशी शेतावर गेली आणि दिवसभर तुरी काढत बसली. दोन्ही गालांवर काळे डाग उठले, ते गेलेच नाहीत. मुलाकडच्यांनी नकार कळवला.

"मग?" शोभानं विचारलं.

"मग काय. दोन वर्षांनी झालं दुसरीकडं. चांगलं हाय तिचं. पण लग्नाकार्यात भेटलो तर माझ्याकडं बघत न्हाई ती. चूक तिची न्हवती की. मी सांगितलंच न्हाय."

मी तो पहिला नियम दोनदा काढून टाकला होता. त्याबद्दल तेव्हा माफी मागायला हवी होती, पण मला लाज वाटली आणि मी चहा करायला उठलो.

आठव्या दिवशी सकाळी खपल्या आपोआप गळाल्या आणि खाली काहीच नव्हतं. म्हणजे अगदी काहीच नाही असं नाही, फिकट राखी रंगाची सावली होती, पण तिला भुवई म्हणायला मन धजेना. शोभा आरसा पालथा ठेवून भिंतीकडं तोंड करून बसली. "खणातला अर्ज काढा," ती म्हणाली. प्रिंटरचं खोटं तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांपुढं बशीत वाजणारा कप आला. मी साडेसहालाच फोन लावला.

"अक्का, गेला हो. सगळा रंग गेला."

"कितवा दिवस?"

"आठवा."

"सत्तावीस वाचा," अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी कागद काढला. सत्तावीस: "आठव्या दिवशी रंग गेला असं वाटेल. गेलेला नसतो, वर येईल. फोन करू नये." मी मोठ्यानं वाचलं. शोभानं मान वळवली.

"हे तुम्हीच टाइप केलंय ना?"

"हो."

"किती वेळा?"

"पंधरा-वीस वेळा तरी."

"मग?" ती म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी हसली. मी मात्र हसलो नाही. कागदावर लिहिलेलं खरं होतं की नाही हे कळायला अजून तीन आठवडे होते आणि हात थरथरल्यावर काय होतं याबद्दल त्यात एकही नियम नव्हता.

अक्का जूनच्या पहिल्या आठवड्यात निघाल्या. स्टेशनला जायच्या आधी घरी आल्या. शोभाची हनुवटी धरून तिला खिडकीकडं वळवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. रंग आला होता, पण अर्धामुर्धा. मला वाटलं आता धीराचं काहीतरी बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "अजून यायचाय. डाव्या बाजूला रंगाचा एक हात कमी पडलाय, तो दिवाळीला येऊन देते." रिक्षात बसताना त्यांनी पदर दोनदा सारखा केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "अण्णा, त्यांना एकटीला पाठवू नका शाळेत."

दिवाळीला त्या आल्या नाहीत. थंडीत त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेल्या, म्हणाली. पार्लरच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मधलं प्लायवूड अजून आहे, पण पलीकडं गाणी लागलेली असतात आणि ऐकण्यासारखं काही नसतं. मला अक्कांची फार आठवण येते, हे लिहायला संकोच वाटायचं काही कारण नाही. पण मला जे सांगायचंय ते त्याच्या आधीचं, त्या जूनचं आहे.

शाळा उघडली त्या दिवशी मी शोभाला स्कूटरवरनं नेलं. तोवर रंग बसला होता. डावी भुवई जरा फिकी होती, पण ते माहीत असणाऱ्यालाच कळलं असतं. फाटकाशी ती उतरली, चार पावलं गेली आणि थांबली. मग आत गेली. मी समोरच्या टपरीवर साडेबारापर्यंत बसलो. चार चहा झाले. पहिलीच्या वर्गातनं रडण्याचा आवाज येत होता, पण पहिल्या दिवशी तो सगळ्याच शाळांतनं येतो.

शाळा सुटल्यावर ती बाहेर आली. साडी चुरगळलेली, खांद्यावर कुणाच्या तरी डोळ्यांचं आणि नाकाचं पाणी वाळलेलं. स्कूटरवर बसली. पुलावर मागनं आवाज आला, "एक पोरगी मांडीवरनं उतरायलाच तयार नव्हती. एवढ्या जवळनं माझ्या तोंडाकडं बघत रडत होती."

"मग?"

"आई पाहिजे म्हणत होती. बाकी कुणी काही विचारलं नाही. एकानंही नाही."

मी स्कूटर कडेला घेतली. मला पुढचं दिसेना. शोभानं तिथंच उभं राहून अक्कांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मागं तान्हं बाळ रडत होतं. शोभानं सगळं सांगितलं, मांडीवरच्या पोरीसकट. पलीकडं बाळाला थोपटल्याचा आवाज आला. मग अक्का बोलल्या.

"हॉर्न ऐकू यायलेत. रस्त्यावर उभ्या हायसा की काय, वहिनी? उन्हात?"

"हो."

"घरी जावा आधी," अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला. शोभानं डोक्यावरनं पदर पुढं ओढून घेतला आणि आम्ही घरी गेलो.